पाळ आणि रूळ : गोंदियाच्या बाजाराची घडण

वाचकहो, गोंदिया हे गाव कोणी वसवले, असा प्रश्न वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारला तर गुरुजींनी काय उत्तर द्यावे? इतर गावांचे काम सोपे असते. कुठे एखाद्या राजाचे नाव सांगता येते, कुठे किल्ला दाखवता येतो, कुठे देवस्थानाची कथा असते. गोंदियाला राजा नाही, तटबंदी नाही, फार जुने राऊळही नाही. या मुलखातली जुनी नावे वेगळीच आहेत. लांजी, कामठा, प्रतापगड ही ती नावे. कामठ्याच्या जमीनदाराने १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा गोंदियाचे नाव कोणी घेत नव्हते. पुढे इंग्रजी अमलात तहसिलीचे ठाणे झाले तेही तिरोड्याला. गोंदिया हे त्या तहसिलीतले एक खेडे. आसपासच्या जंगलातून गोंद, म्हणजे आपला डिंक, येथे गोळा होई म्हणून गोंदिया, असे काही लोक सांगतात; गोंडांची वस्ती म्हणून गोंदिया, असे दुसरे म्हणतात. दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या. पण नावाने बाजार उभा राहत नाही.

मग बाजार कशाने उभा राहिला? माझे उत्तर असे, की या गावाची बाजारपेठ दोन प्रकारच्या स्थापत्याने घडवली. एक मातीचे, दुसरे लोखंडाचे. एक तलावाची पाळ, दुसरे आगगाडीचे रूळ. पहिले आपल्याच माणसांनी बांधले. त्यांच्यापाशी कागदावरचे नकाशे नव्हते, डोळ्यांतला अंदाज होता. दुसरे विलायतेहून आलेल्या इंजिनियरांनी आखले आणि आपल्याच मजुरांनी उचलले. या दोन कामांची गाठ गोंदियात कशी पडली आणि आज त्या दोन्ही वारशांचे काय झाले आहे, ते आपण क्रमाने पाहू.

आधी मातीचे बोलू. आपला हा मुलूख धानाचा. वर्षाकाठी साधारण बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूर-नगरच्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, तुम्हाला तलाव हवेत कशाला? पण धान पिकवणाऱ्याला खरे दुखणे ठाऊक असते. पाऊस किती पडला याइतकेच तो केव्हा पडला याला महत्त्व आहे. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात बांधीत चिखल करून रोवणी करायची, आणि मग भारी धान निसवायच्या वेळी, हस्त नक्षत्राच्या सुमारास, बांधीत पाणी हवे. नेमका तेव्हाच पाऊस दगा देतो. हत्तीचा पाऊस आला नाही तर तीन महिन्यांची मेहनत एका पाण्यासाठी वाया जाते. ते एक शेवटचे पाणी हाताशी राखून ठेवणे, एवढ्यासाठी आपल्या पूर्वजांनी तलाव बांधले. तलाव म्हणजे धानाचा विमाच म्हणा ना!

हे काम करण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. वैनगंगेच्या खोऱ्यात, आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हा समाज पसरलेला आहे. चांद्याच्या गोंड राजाने यांना काशीकडून आणले अशी परंपरा सांगतात. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, असा गोंड राजांचा शिरस्ता होता, असेही सांगतात. यातली युक्ती ध्यानात घ्या. राजाने खजिन्यातून पैसा दिला नाही. काम चांगले झाले तर त्याचे फळ काम करणाऱ्याच्या पदरात पडेल, एवढीच तजवीज केली. पाळ कच्ची राहिली तर नुकसान बांधणाऱ्याचेच. मग ती कच्ची कोण ठेवील? कोहळ्यांप्रमाणेच पोवार शेतकऱ्यांनीही या भागात धानाची शेती आणि पाण्याची व्यवस्था नावारूपाला आणली.

तलाव बांधणे हे दिसते तितके सोपे नाही. पहिली गोष्ट जागेची निवड. दोन टेकड्यांच्या मधली खिंड हेरायची, म्हणजे थोड्या लांबीच्या पाळीत पुष्कळ पाणी अडते. पाळ मातीची; ती थराथराने घालायची आणि प्रत्येक थर तुडवून घट्ट करायचा. पाण्याच्या अंगाला दगड लावायचे, म्हणजे लाटांनी माती ढासळत नाही. पाळीच्या पोटातून पाणी सोडण्याची मोरी ठेवायची, तिला आपण तुडूम म्हणतो. आणि सर्वांत महत्त्वाचा सांडवा. जादा पाणी पाळीवरून न जाता बाजूच्या कठीण जमिनीवरून निघून गेले पाहिजे. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी गेले, की रात्रीत पाळ गेलीच म्हणून समजा. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याखालच्या बोडीत, अशी उतरती साखळी जुळवलेली असे. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालच्या गावाला कामी येई. आजचा इंजिनियर ज्याला पाणलोटाचा विचार म्हणतो, तो हाच.

या कारागिरीचा सर्वांत भव्य नमुना म्हणजे आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध. कोलू पाटील कोहळी याने तो अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात नमूद आहे. त्याच नोंदीप्रमाणे तलावाचा घेर सतरा मैलांचा, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरांचा. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. टेकड्यांमधली तोंडे मातीने बंद केली आणि डोंगरांनाच तलावाच्या भिंती बनवले, ही त्या पाटलाची अक्कल. तो गेल्यावर लोकांनी त्याला देवच केले. कोलासूर या नावाने त्याचे ठाणे तेथे आहे. वाचकहो, जगात देव झालेले वीर पुष्कळ सापडतील; देव झालेला इंजिनियर विरळा!

सरकारी खाते या कामात पुष्कळ उशिरा आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांताने सोसले. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात हिंदुस्थानच्या पाटबंधारे कमिशनने चौकशी केली आणि मग या भागात सरकारी तलावांची कामे सुरू झाली. तिरोडा तालुक्यातला बोदलकसा १९१७ चा, चोरखमारा १९२३ चा. यांच्याही पाळी मातीच्याच आणि जागाही टेकड्यांमधल्याच. मोजमापे कागदावर आली, यंत्रे आली, पण जागा हेरण्याचे मूळ शास्त्र कोलू पाटलाचेच राहिले.

आता प्रश्न येतो पिकलेल्या धानाचा. तलावाने धान वाचवले, कोठ्या भरल्या. पण तो माल जायचा कोठे? पावसाळ्याचे चार महिने बैलगाडीची वाट बंद. उन्हाळ्यात नद्यांतून गाड्या घालून नागपूर गाठायचे, म्हणजे कित्येक दिवसांचा प्रवास. एका खोऱ्यात धान स्वस्त पडून आहे आणि दुसऱ्या खोऱ्यात माणसे उपाशी आहेत, असे चित्र त्या काळी अपूर्व नव्हते. येथे आपल्या कथेत लोखंड येते.

मुंबईकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि तेथे थांबली. नागपूरच्या पूर्वेला छत्तीसगड, म्हणजे तांदळाचे कोठार. ते कोठार मुंबईच्या बंदराला जोडावे म्हणून नागपूरहून राजनांदगावपर्यंत एक लहान रुळांची लोहमार्गाची शाखा घातली गेली. १८८०-८२ च्या सुमारास ती चालू झाली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे हे तिचे नाव. वैनगंगा ओलांडून, तिरोडा, गोंदिया, आमगाव करीत ती दरेकसाच्या डोंगराकडे गेली. त्या मार्गावरचे एक स्थानक, एवढीच तेव्हा गोंदियाची ओळख.

पुढे १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन विकत घेतली, रूळ रुंद केले आणि बिलासपूरवरून पुढे बंगालमधील आसनसोलपर्यंत नेली. १ फेब्रुवारी १८९१ पासून या मार्गावर मालगाड्या धावू लागल्या. १९०० मध्ये खरगपूरकडून हावड्याशी सांधा जुळला, आणि मुंबई-कलकत्ता असा सरळ रस्ता तयार झाला. आता नकाशा पुढे घ्या आणि मोजा. मुंबईहून गोंदिया सुमारे ९६७ किलोमीटर. गोंदियाहून हावडा सुमारे १००० किलोमीटर. म्हणजे डिंकाचे हे खेडेगाव हिंदुस्थानातल्या दोन सर्वांत मोठ्या बंदरांच्या जवळजवळ मध्यावर येऊन बसले!

पण नुसते मध्यावर असून भागत नाही. मोठ्या लाइनीवर स्थानके शेकडो आहेत, ती सगळी बाजारपेठा झाली नाहीत. गोंदियाचे नशीब उघडले ते छोट्या लाइनीने. हे नीट समजून घेण्यासाठी रुळांच्या रुंदीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. आपल्याकडे मुख्यतः तीन गेजचे मार्ग झाले. मोठी लाइन म्हणजे ब्रॉडगेज, रुंदी १,६७६ मिलिमीटर, जुन्या मापात साडेपाच फूट. मधली मीटरगेज, एक मीटर. आणि छोटी लाइन म्हणजे नॅरोगेज, आपल्या भागात ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. छोटी लाइन का घालायची? कारण ती स्वस्त पडते. डोंगर-जंगलात रूळ अरुंद असले म्हणजे वळणे आखूड घेता येतात. डोंगर कमी फोडावा लागतो, भराव कमी घालावा लागतो, पूल हलके चालतात, रूळही हलके लागतात. वेग कमी, माल कमी, पण जेथे काहीच नव्हते तेथे गाडी पोचते.

सातपुड्याच्या रानात जायला कंपनीने हीच वाट धरली. गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूर, तेथून एक फाटा छिंदवाड्याकडे आणि एक जबलपूरकडे. १९०३ ते १९०५ या काळात हा सातपुडा रेल्वेचा मार्ग खुला झाला. त्यानंतर काही वर्षांत गोंदियाहून दक्षिणेलाही छोटी लाइन गेली. गोरेगाव, सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड करीत चांदा फोर्टपर्यंत. ही दक्षिणेची लाइन नेमकी तलावांच्या मुलखातून जाते, ही गोष्ट विसरू नका. कोलू पाटलाच्या पाळीखाली पिकलेले धान पंधरा-वीस किलोमीटर बैलगाडीने नेले की छोट्या गाडीत चढू लागले. मातीच्या स्थापत्याची आणि लोखंडाच्या स्थापत्याची गाठ पडली ती अशी.

आता गोंदियाच्या फलाटावर या. उत्तरेकडून सातपुड्याचा माल आला आहे. साग, बांबू, तेंदूपान, हिरडा, लाख आणि बालाघाटच्या खाणींतले मँगनीज. दक्षिणेकडून धान आले आहे. हा माल मुंबईला किंवा कलकत्त्याला जायचा आहे. पण छोट्या लाइनीचा डबा मोठ्या लाइनीवर चालत नाही. चाकांत आणि रुळांत ९१४ मिलिमीटरांचे अंतर आहे. मग काय करायचे? सगळा माल उतरवायचा, पाठीवर घ्यायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. पोते न् पोते, ओंडका न् ओंडका, टोपली न् टोपली.

विलायतेत याच गोष्टीने केवढा गहजब केला होता! इंग्लंडात ग्लॉस्टर नावाचे जुने बाजाराचे शहर आहे. तेथे १८४४ पासून दोन कंपन्यांचे रूळ एकत्र आले. एकीची रुंदी सात फूट, दुसरीची चार फूट साडेआठ इंच. माल उतरवता-चढवताना एवढा गोंधळ उडे, की प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. १८४५ मध्ये गेज कमिशन बसले, १८४६ मध्ये कायदा झाला, आणि पुढे १८९२ पर्यंत त्या देशातून सात फुटी रूळ पार नाहीसे झाले. कंपनीच्या हिशोबाने रुळांची रुंदी बदलणे म्हणजे निव्वळ नुकसान: वेळ जातो, मजुरी जाते, माल सांडतो, चोरी होते.

पण कंपनीचे जे नुकसान, ते गावाचे पोट असते. माल जेथे थांबतो तेथे त्याला हात लागतात, आणि जेथे हात लागतात तेथे मजुरी मिळते. माल उतरला की तो ठेवायला गोदाम हवे, मोजायला तोलाई करणारा हवा, सौदा करायला अडत्या हवा, रक्कम फिरवायला सावकार हवा, उतरून राहायला धर्मशाळा हवी. आणि माल जर येथे उतरतोच आहे, तर धान तसेच पुढे कशाला पाठवायचे? येथेच भरडून तांदूळ करून पाठवू, हा विचार व्यापाऱ्याला सुचणारच. १९०१ च्या शिरगणतीत या गावाची वस्ती पाच हजारांच्याही आत होती. २०११ च्या जनगणनेत ती सव्वा लाखाच्या वर गेली. पूर्वीच्या तिरोडा तहसिलीतल्या त्या खेड्याच्या नावाने १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा जिल्हा निघाला.

धानाच्या गिरणीचा हिशोबही शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावा. शंभर किलो धान भरडले, तर सरकारी खरेदीत सदुसष्ट किलो तांदूळ परत द्यावा असा नियम आहे. बाकीचे तेहतीस किलो म्हणजे प्रामुख्याने तूस आणि कोंडा. धान तसेच मुंबईला पाठवले, तर प्रत्येक शंभर किलोंमागे तेहतीस किलोंचे भाडे फुकट भरावे लागते. भरडून पाठवले, तर ते भाडे वाचते; शिवाय तूस भट्टीत जळणाला येते, कोंड्याचे तेल निघते आणि गुरांना खाद्य मिळते. म्हणून गिरणी पीक जेथे गोळा होते तेथे उभी राहते, खाणाऱ्याच्या दारात नव्हे. गोंदियाला लोक तांदळाचे शहर म्हणतात, त्याच्या मुळाशी हे साधे गणित आहे. जंगलातून येणारे तेंदूपानही असेच येथे थांबले आणि विडीचा धंदा उभा राहिला. गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी तो वाढवला, आणि खेडोपाडीच्या हजारो बाया-माणसांनी सुपात पाने घेऊन तो वळला.

येथपर्यंत कथा वाढीची झाली. आता दुसरी बाजू पाहू.

पहिल्यांदा तलाव. इंग्रजांनी १८६० च्या दशकात या प्रांतात मालगुजारी पद्धत पक्की केली आणि गावाबरोबर तलावही मालगुजाराच्या मालकीचा ठरला. मालगुजार सारेच काही साधुसंत नव्हते; वेठबिगार होती, जुलूम होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तलाव फुटला तर त्याची स्वतःची शेती बुडे. म्हणून दर उन्हाळ्यात गाव पाळीवर लोटले जाई. गाळ उपसला जाई, पाळीवर माती चढे, तुडूम साफ होई. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने १९५० चा कायदा करून ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपवली. कुळांच्या दृष्टीने ते न्याय्यच झाले. तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना नवे नाव मिळाले, माजी मालगुजारी तलाव. त्याची आद्याक्षरे घेऊन लोकांनी केले मामा तलाव! पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

मालक गेला, पण मालकाबरोबर उन्हाळ्यातले ते कामही गेले. पुढे १९५६ मध्ये आपला भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासळी सहकारी संस्थेकडे, काठची जमीन महसूल खात्याकडे, अशी वाटणी झाली. एका तलावाचे चार कारभारी! पाळीवर झुडपे वाढली, पोटात गाळ बसला, काठाने अतिक्रमण झाले, पाण्यावर बेशरम माजली.

गाळाने काय होते त्याचा एक हिशोब फळ्यावर मांडून पाहा. दहा हेक्टर पसरलेल्या तलावात दहा सेंटिमीटर गाळ साचला, तर दहा हजार घनमीटर पाण्याची जागा गेली. एक हेक्टर बांधीत दहा सेंटिमीटर पाणी उभे करायला एक हजार घनमीटर पाणी लागते. वाटेत जिरते ते वेगळेच. म्हणजे वीतभरसुद्धा नाही एवढ्या गाळाने दहा हेक्टर धानाचे ते शेवटचे पाणी खाऊन टाकले. हत्तीचा पाऊस न आलेल्या वर्षी या गाळाची किंमत कळते.

दुसरी गोष्ट छोट्या लाइनीची. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचे धोरण घेतले. दक्षिणेकडची चांदा फोर्टची लाइन नव्वदच्या दशकात रुंद झाली. उत्तरेकडे बालाघाटपर्यंतचे काम त्यानंतर झाले. नैनपूरकडची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली, आणि २०२१ पर्यंत गोंदिया-जबलपूर हा सबंध मार्ग ब्रॉडगेज झाला. जबलपूरहून दक्षिणेकडे जाणारा माल आता गोंदियाला डबा न बदलता सरळ पुढे जातो. प्रवाशाची सोय झाली, देशाचा पैसा वाचला; याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण ज्या अडचणीवर हे गाव वाढले ती अडचण संपली, हे आपण ओळखले पाहिजे. आता गोंदियात माल थांबेल तो गोंदियाने त्याला काही मोल जोडले तरच; रूळ त्याला थांबवणार नाहीत.

छोट्या लाइनीची इंजिने आणि सामान नागपुरात मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते. ते १४ डिसेंबर २००२ पासून खुले आहे. तेथे मुलांची सहल अवश्य न्यावी. पण इंजिन म्हणजे सगळी छोटी लाइन नव्हे. तिचे जुने भराव, ओढ्यांवरच्या दगडी मोऱ्या, आडवळणी स्थानकांच्या इमारती आणि रात्री-अपरात्री पोती वाहणाऱ्या हमालांच्या आठवणी, ही सर्व तिचीच अंगे आहेत. त्यांना कोणी संग्रहालयात ठेवलेले नाही.

या दोन वारशांत एक मोठा फरक आहे, तोही सांगतो. छोटी लाइन तिचे काम संपले म्हणून गेली. तिची जागा घेणारी मोठी लाइन तयार होती, आणि रुळांची रोज तपासणी करणारे खाते पहिल्या दिवसापासून आजपर्यंत उभे आहे. तलावाचे तसे नाही. तलावाचे काम संपलेले नाही. धानाला शेवटचे पाणी आजही हवे आहे. १९७० मध्ये गाढवी नदीवर इटियाडोह धरण पूर्ण झाले, मोठे कालवे आले. तरी कालव्याच्या शेवटच्या टोकाला आणि कालव्याच्या वरच्या अंगाला असलेली गावे मामा तलावाकडेच पाहतात. म्हणजे काम आहे, साधन आहे, पण रोजची निगा घेणारा माणूस नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत कोणी काय बांधले याची यादी असते; बांधलेले कोणी सांभाळले याची नसते. माझ्या मते गावच्या इतिहासाचा हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे.

निराश होण्याचेही कारण नाही. अलीकडच्या वर्षांत शासनाने मामा तलावांच्या दुरुस्तीची आणि गाळ काढण्याची कामे हाती घेतली आहेत. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी तलावात उतरून बेशरम उपटली आणि मासळीला पोषक अशा देशी पाणवनस्पती लावल्या. कोणत्या वनस्पतीखाली कोणती मासोळी अंडी घालते, हे त्यांच्या घरातले पिढीजात ज्ञान. पुस्तकात नसलेले हे शास्त्र आजही जिवंत आहे, एवढे त्यावरून दिसते.

आता शिक्षक मित्रांना एक विनंती. आपल्या गावच्या तलावाची एक वही करा. पहिल्या पानावर तलावाचे नाव, तो कोणी बांधला म्हणून सांगतात ते, आणि सांगणाऱ्याचे वय. पुढे पाळीची लांबी. मुलांना दोरी घेऊन मोजू द्या. तुडूम कोठे आहे, त्याला झाकण आहे का. सांडव्यावर कोणी घर तर बांधले नाही ना. त्याचे पाणी पुढे कोणत्या बोडीत जाते. मे महिन्यात पाणी आटले म्हणजे एखादी खूण रोवून ठेवा, आणि पुढच्या मे महिन्यात तिच्यावर किती गाळ चढला ते पाहा. रुळांजवळची शाळा असेल तर जुन्या छोट्या लाइनीचा भराव आणि मोऱ्या नकाशावर काढा. ज्यांनी माल उतरवला-चढवला त्या म्हाताऱ्यांना वर्गात बोलावून बोलते करा. यासाठी अनुदान लागत नाही. दोरी, वही आणि एक शनिवार पुरतो.

अशी वही तयार झाली की ती कपाटात ठेवू नका. ग्रामसभेत वाचून दाखवा. सांडवा बुजला आहे, तुडूम गळते आहे, गेल्या वर्षी इतका गाळ चढला, हे मुलांनी मोजून सांगितले म्हणजे कारभाऱ्यांना ते नाकारता येणार नाही. आणि पहिल्या पावसाआधी गावाने चार दिवस पाळीवर काढले, तर हस्त नक्षत्र कोरडे गेले तरी त्या गावचे धान गोंदियाच्या बाजारात आल्याशिवाय राहणार नाही.